दगडावरची तिसरी ओळ

आमच्या गावच्या शाळेसमोर स्वातंत्र्यसैनिकांचा दगड आहे. त्यावर सात नावं. तिसरं माझ्या आजोबांचं, आणि नावापुढं लिहिलंय, ‘पोलिसांचा अमानुष मार सोसूनही सोबत्यांची नावं सांगितली नाहीत.’ शब्द माझे. मी मास्तर, मराठी बरं लिहितो, म्हणून समितीनं काम मला दिलं. ओळ सुबक उतरलीय. फक्त खोटी आहे.

बेचाळीस साली गावातल्या तरण्या पोरांनी चावडी पेटवली. आमच्याकडे इंग्रज कुणी रोज बघत नव्हतं. इंग्रजांचं राज्य म्हणजे चावडीतली दप्तरं. ती जळली की राज्य गेलं, असा साधा समज. आजोबा त्या पोरांत होते, एवढं खरं. चावडीची राखण करणारा येसकर ओट्यावरच होता. त्यानं सगळ्यांना ओळखलं. बेळगावहून पोलीस आले आणि त्याला चावडीपुढच्या लिंबाला बांधून तीन दिवस मारलं. साहेब खुर्ची टाकून बसलेला. येसकरानं एक नाव सांगितलं नाही. ज्यांच्या विहिरीवर त्याला पाणी भरता येत नव्हतं, त्यांचीच नावं होती ती.

आजोबा तेव्हा उसात होते. पुढं कधीतरी बैलगाडीवरून पडून ते लंगडायला लागले, तर गावानं परस्पर ठरवून टाकलं की हा लाठीचाच मार. आजोबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दर पंधरा ऑगस्टला पुढच्या खुर्चीत तो पाय लांब करून बसायचे, एवढंच. शेवटच्या आजारात मात्र मला म्हणाले, ‘‘मार त्यानं खाल्ला रं. मी उसात बसलोतो.’’

मी त्यांना पाणी पाजलं, झोपा म्हणालो. आणि दोन वर्षांनी ती ओळ लिहिली. विसरून नव्हे. नीट आठवत असताना.

येसकराचा नातू माझा वर्गमित्र. आता बेळगावात टिळकवाडीला राहतो, वकील आहे. यंदा उन्हाळ्यात त्याच्या घरी गेलो. चहा आला, ऊनपाण्याचं बोलून झालं, मग सगळं एका दमात सांगून टाकलं. तो शांतपणे बशीत चहा ओतत होता.

‘‘एवढंच सांगायला आलतास?’’

‘‘व्हय.’’

‘‘आज्जाच्या पाठीवरचे वळ मी बोटानं मोजलेत लहानपणी. मला काय नवीन सांगतोस? ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना सांग की.’’ मग हसला. ‘‘जागा लई सोपी निवडलीस मास्तर. हितं माइक न्हाय.’’

पंधरा ऑगस्टला आमच्याकडे एक रीत आहे. झेंडा वर गेला की मी सात नावं वाचतो आणि प्रत्येक नावाला लोक ‘अमर रहे’ म्हणतात. यंदा तो आला, पहिल्यांदाच. मागं, फाटकापाशी उभा राहिला. तिसऱ्या नावाला मी आजोबांना गाळलं आणि दगडावर नसलेलं येसकराचं नाव वाचलं.

‘‘अमर रहे!’’

तोच आवाज, तोच वेग. कुणाची मान हलली नाही. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते, पोरांचं लक्ष लाडवांच्या पातेल्याकडं. मी चौथं नाव वाचलं. खरं सांगतो, मला हलकं वाटलं. सांगितलंही, आणि कुणाला कळलंही नाही. याहून सोयीचं प्रायश्चित्त कुठं मिळणार? आजोबांचा नातू शोभलो.

सातवं नाव संपलं. माइक आता अध्यक्षांकडे द्यायचा होता. सहज फाटकाकडं बघितलं. तो कानामागं हात धरून उभा होता, ऐकू न आलेल्या माणसासारखा.

अध्यक्षांनी हात पुढं केला. मी माइक दिला नाही.

‘‘तिसरं नाव परत वाचतो,’’ मी म्हणालो. ‘‘या खेपेला ओरडू नका. ऐका.’’