खताच्या गोडाऊनमधलं कॉलेज आणि माझा फुटबॉल

बहात्तरच्या दुष्काळात आई आणि आबा दोघंही पाझर तलावाच्या कामावर जायला लागले आणि मला मामांकडं कुर्डुवाडीला धाडलं. मामा तिथं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे कारागिरांच्या हाताखालचे मदतनीस होते. आमचं गाव परंड्याच्या अलीकडं. एस.टी.नं फार लांब नव्हतं, पण मला दुसऱ्या मुलखात गेल्यासारखं वाटलं. गावात आम्ही कबड्डी खेळायचो. इथं संध्याकाळचा भोंगा झाला की चांगली मिशीवाली माणसं अर्ध्या चड्ड्या घालून एका चेंडूमागं धावायची, आणि कुणी त्यांना हसत नसे.

दुष्काळ सरला तरी मी मामांकडंच राहिलो. शाळा तिथंच झाली, बारावीही तिथंच. वर्कशॉपमधले एक वयस्क फिटर आम्हा पोरांना फुटबॉल शिकवायचे. ते हैदराबादकडचे, बोलणं अर्धं उर्दू, अर्धं मराठी. "चेंडूकडं नको बघू बेटा, सामनेवाल्याच्या कमरेकडं बघ," असं ते सांगायचे. ते मला जमलं. मी डाव्या बाजूचा बॅक झालो. गोल मी कधी मारला नाही, पण माझ्या बाजूनं गोल होऊ द्यायचा नाही एवढंच मला कळायचं आणि ते पुरत होतं.

बारावीनंतर काय, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. मामा म्हणाले, "सोलापूरला जा. मोठं कॉलेज हाय, टीम हाय. शिष्यवृत्ती मिळतीच आपल्याला." मी गेलो. निवड चाचणीला साठ-सत्तर मुलं आली होती. बहुतेकांच्या पायांत बूट होते. मी मामांच्या दोस्ताचे बूट नेले होते. ते मोठे होत होते म्हणून पुढं चिंध्या कोंबल्या होत्या. मला उजव्या बाजूला उभं केलं. मी सांगितलं की मी डावीकडं खेळतो. शिट्टीवाले सर म्हणाले, "बघू नंतर." दहा मिनिटं खेळलो, दोनदा चेंडू पायाला लागला, मग "पुढचा" असा आवाज आला आणि मी बाहेर आलो. बरं खेळलो की वाईट, हे कुणी बोललं नाही.

आठवड्यानं यादी लागली. बोर्डासमोर उभा राहून मी ती चार वेळा वाचली. माझं नाव होतं, आडनावही होतं. मधलं अक्षर मात्र आबांच्या नावाचं नव्हतं. टायपिंगची चूक असेल, किंवा याच नावाचा दुसरा मुलगा असेल. ऑफिसातल्या क्लार्कना विचारलं.

"तुमचंच असेल," ते म्हणाले.

"पण वडिलांचं अक्षर वेगळं आहे."

"मग तुमचं नसेल."

"कुणाला विचारू?"

"खेळाचे सर औरंगाबादला गेलेत. सोमवारी या." मग जरा थांबून म्हणाले, "या नावाचा एक मुलगा काल फॉर्म घेऊन गेला. तो तुम्हीच का?"

मी नाही म्हणालो. बाहेर आल्यावर वाटलं, व्हय म्हणायला पाहिजे होतं का?

सोमवारपर्यंत काय करायचं म्हणून मी गावाकडं गेलो. तिथं दुसऱ्याच दिवशी सायकलवरून एक सर घरी आले. तालुक्याच्या सहकारी सोसायटीच्या चेअरमननं वर्षापूर्वी एक कॉलेज काढलं होतं. सर तिथं इतिहास शिकवायचे आणि खेळही बघायचे. आईनं त्यांना घोंगडं टाकून बसवलं. चहा घेऊ का नको असं न करता त्यांनी कप घेतला, तेव्हा आई आत वळून जरा हसल्यासारखी झाली. कप परत करताना ते म्हणाले, "तुमचा मुलगा फुटबॉल खेळतो असं ऐकलं. आमच्याकडं कॅप्टन करतो त्याला."

मी विचारलं, "टीममध्ये कोण कोण आहे, सर?"

"टीम नाही अजून."

"मग कॅप्टन कुणाचा?"

"ते तू बघायचं."

मला हसावं का राग धरावा हेच उमगेना. सर माझा खेळ बघून आले नव्हते. कॉलेजला मुलं कमी पडत होती, आणि विद्यापीठाच्या फॉर्मवर खेळांची नावं भरायची होती, एवढं माझ्या ध्यानात आलं. पण चार कोस सायकल हाणत ते आले होते हेही खरं होतं. सोलापुरात मला माझं नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

आबा दाराशी बसून सगळं ऐकत होते. दुष्काळानंतर ते सोसायटीच्या खताच्या गोडाऊनवर हमाली करायचे, आणि तेच जुनं गोडाऊन आता कॉलेज झालं होतं. सर गेल्यावर मी त्यांना विचारलं, "आबा, तुमाला चेअरमन काय बोलले का?"

"बोलले की. पोरगं आपल्याच कॉलेजात घाला म्हनले."

"मग? मी तिथंच जाऊ म्हनता?"

त्यांनी तंबाखू मळली. "तिथं म्या पोती रचली. तू तिथं बाकावर बसशील. बरं वाटंल का वाईट, मला बी कळंना झालंय. तुझं तूच बघ."

दुसऱ्या दिवशी कॉलेज बघायला गेलो. पत्र्याचं लांबट गोडाऊन, मधे प्लायवूडच्या भिंती घालून तीन वर्ग केलेले. युरियाचा उग्र वास अजून भिंतींतून येत होता. एका वर्गात शिकवलेलं दुसऱ्या वर्गात ऐकू येत होतं. मैदान म्हणजे मागचं माळरान, निम्म्यात दगड, निम्म्यात कुसळं. चेंडू मागितला तर तो कपाटात होता आणि किल्ली शिपायाकडं, आणि शिपाई लग्नाला गेलेला. चार-पाच आडदांड पोरं कबड्डी खेळत होती. त्यांतला एक माझ्याकडं बघून म्हणाला, "त्यो फुटबॉलवाला तूच का रं? आमाला बी घेणार हैस व्हय?"

मी म्हणालो, "अजून माझंच ठरलं न्हाय."

सोमवारी सोलापूरला जायचं म्हणून पहाटेच निघालो. कुर्डुवाडीला उतरून फिटरकाकांना गाठलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "बडी टीम में जा. खेळ सुधारतो." मी म्हणालो, पण यादीतलं नाव माझं नसेल तर? ते म्हणाले, "तो जाके पूछ." इतकं सोपं होतं ते. गाडीला तासभर वेळ होता. मी स्टेशनवर बसून राहिलो आणि मनात घोकत राहिलो: मी अमुक, माझ्या वडिलांचं नाव अमुक, मी डावीकडं खेळतो. क्लार्कसमोर उभं राहून मीच मी आहे हे सांगायचं, आणि तेवढ्यात तो दुसरा मुलगा आला तर? तो खरंच चांगला खेळणारा असला तर? गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. मी चढलो नाही. त्या वेळी मी काही ठरवलं होतं असं मला आजही म्हणवत नाही. पाय उचलला नाही, एवढंच.

मामा दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत.

गोडाऊनमधल्या कॉलेजात नाव घातलं. टीम केली म्हणजे त्या कबड्डीवाल्यांना आणि त्यांच्या दोस्तांनाच धरलं. पहिला महिना आम्ही नुसते दगड वेचले. मग चेंडू मिळाला. हात लावायचा नाही हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसला. पहिला सामना लातूरला होता. आम्ही दहाच जण पोचलो, अकराव्याची एस.टी. चुकली. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन आत शिरला की आमचा गोलकीपर त्याचा घोटा धरून त्याला खाली पाडायचा आणि अभिमानानं माझ्याकडं बघायचा. नऊ गोल झाले आमच्यावर. इतिहासाचे सर मैदानाबाहेर छत्री घेऊन उभे होते. सामना संपल्यावर म्हणाले, "दुसऱ्या हाफमध्ये चारच झाले." ते मला धीर देत होते की त्यांना खरंच ते चांगलं वाटत होतं, कुणास ठाऊक.

मी बॅक राहिलोच नाही. मागं अडवायचं, मधून न्यायचं, पुढं मारायचं, सगळं मीच. दुसऱ्या वर्षी कमी गोल खाल्ले. तिसऱ्या वर्षी एक सामना बरोबरीत सुटला, त्या दिवशी पोरांनी मला खांद्यावर घेतलं. त्याच वर्षी औरंगाबादला विद्यापीठाच्या शिबिराला माझं नाव गेलं, आणि या वेळी मधलं अक्षर बरोबर होतं.

शिबिरात तिसऱ्या दिवशी तिथल्या कोचनी मला बाजूला घेतलं. "पळतोस छान. पण चेंडू देत का नाहीस कुणाला? तुझ्या टीममध्ये बाकी कुणी नसतं का?"

"असतात, सर."

"मग?"

पास द्यायची सवयच गेली होती. कुर्डुवाडीत मी चेंडू अडवून लगेच डावीकडच्या पोराला द्यायचो हे मला आठवत होतं, पण पायांना आठवत नव्हतं. अंतिम टीममध्ये माझी निवड झाली नाही. सोलापूरला गेलो असतो तर झाली असती का? की तिथं तीन वर्षं बाहेर बसूनच काढली असती? रात्रभर एस.टी.त हेच उलटसुलट चाललं होतं. एकदा वाटायचं फसलो, एकदा वाटायचं वाचलो.

सकाळी कॉलेजवर पोचलो तर सगळी टीम मैदानावर बसलेली. माझं तोंड बघून त्यांना कळलं असावं. गोलकीपर म्हणाला, "बरं, आज सरावाला किती वाजता यायचं?"

"साडेपाचला," मी म्हणालो. आणि मग, "आज मी फक्त मागं खेळणार. पुढचं तुमचं तुमी बघा."

"आमाला कुठं येतंय?" तो म्हणाला.

"मला तरी कुठं येत होतं," असं म्हणून मी पायांतले बूट काढायला बसलो.