भिंतीखालची घंटा

पहाटेचे पाच वीस. रात्रभर पाऊस पडतोय. गल्लीच्या वरच्या टोकाला शिंपिणीचं दार भिंतवाली वाजवते आहे. "उठा, प्रार्थनेची वेळ झाली." आवाजात भक्ती नाही; नळाला पाणी आलंय, असं सांगावं तसा. ती स्वतः प्रार्थनेला जात नाही. कधीच गेली नाही, आणि हे तिने कुणापासून लपवलेलंही नाही.

पेशाने ती गवंडी. गल्लीच्या डोक्यावर टेकडी अडवून धरणारी जुनी दगडी भिंत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला तडा गेला. दुरुस्ती मंजूर आहे, सुरू नाही. भिंतवालीने तड्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी बसवली. भिंत हलली की काच फुटते. ती काच ती रोज सकाळ-संध्याकाळ बघून येते, म्हणून हे नाव.

गेल्या पावसाळ्यात काच फुटली. भोंगा नव्हता. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी एकच वस्तू होती : भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या प्रार्थनाघराची घंटा. तिने धावत जाऊन दोरी ओढली. भाविक माणसं डोकी झाकून, पोरं कडेवर घेऊन वर आली. थेट भिंतीखाली. घंटेचा त्यांना तेवढाच अर्थ ठाऊक होता. न मानणाऱ्यांनी, तिच्या सख्ख्या भावासकट, कूस बदलून पांघरूण डोक्यावर ओढलं. भिंत त्या दिवशी बोटभर सरकून थांबली. तिने तड्यावर नवी काच बसवली.

घंटा वाजवणारे काका प्रार्थनाघरालगतच्या खोलीत राहतात. ती त्यांच्याकडे गेली.

"काका, प्रार्थनेला घंटा वाजवणं बंद करा."

"माझ्या बापाने वाजवली, मी वाजवतो. तू देव मानत नाहीस म्हणून त्याची बोलती बंद करायची?"

"एका घंटेला दोन अर्थ नकोत. वाजली की खाली पळायचं. बस."

"आणि माझ्या म्हाताऱ्यांना उठवणार कोण? तुझा भाऊ?"

"मी."

"नुसतं 'उठा' चालणार नाही हं. 'प्रार्थनेची वेळ झाली' असं पुरतं म्हणायचं. तोंड वाकडं न करता."

"म्हणेन. तोंड जन्मापासूनच असं आहे, त्याला इलाज नाही."

भाऊ गल्लीच्या खालच्या टोकाला वाचनालय चालवतो. देवधर्म न मानणाऱ्यांची बैठक तिथेच भरते. "ताई, उद्या हातात जपमाळ दिसेल तुझ्या," तो म्हणाला.

"दिसली तर तुझ्याच गळ्यात घालीन. तू घंटा ऐकून उठायचं तेवढं बघ."

कुरकुरत का होईना, भावाने आपल्या लोकांना घरोघर जाऊन घंटेचा नवा अर्थ सांगितला. काकांनी तो प्रार्थनेनंतर सांगितला. तेव्हापासून घंटा गप्प आहे.

आज शिंपीण आतून म्हणते, "अगं, दार निघत नाहीये. काल तर नीट होतं."

भिंतवाली खांदा लावते. दार हलत नाही. ती बॅटरी चौकटीवर धरते. चौकट वरून दबून तिरकी झाली आहे. ती भिंतीकडे जाते. काच शाबूत आहे. बॅटरी खाली आणते. मागचं पाणी निघून जावं म्हणून भिंतीत भोकं ठेवलेली आहेत. अशा पावसात त्यांतून धारा लागतात. आज सगळी कोरडी आहेत. पाणी मागेच साचतंय.

काका खोलीच्या दारात उभे आहेत. "फुटली?"

"नाही."

"मग?"

"शिंपिणीचं दार अडकलंय. भोकांतून पाणी येत नाहीये."

"म्हणजे काच शाबूत, आणि मी नुसता तुझ्या शब्दावर विश्वास ठेवू?"

"आजच्या दिवस ठेवा."

काका दोरीकडे वळतात. ती पहार आणायला धावते.

या खेपेला घंटा वाजली, पण प्रार्थनेला कुणीही वर आलं नाही. प्रार्थनेला निघालेले अर्ध्या वाटेवरून मागे फिरले. भाऊ बनियनवरच वर पळत आला आणि काकांच्या आंधळ्या आईला पाठुंगळी घेऊन उतरला. "कोण रे तू?" म्हातारीने विचारलं. "वाचनालयवाला." "मग जपून चाल. तुझं वर कुणी ओळखीचं नाही."

पहारीने उचकटलेल्या दारातून शिंपीण शेवटी बाहेर आली.

प्रार्थना वाचनालयात झाली. भावाने वर्तमानपत्रांची टेबलं भिंतीला लावून दिली आणि स्वतः बाहेर पायरीवर बसला. दुपारी शिंपिणीच्या घराची मागची भिंत पोट काढून आत आली. संध्याकाळी काच फुटली. मोठी भिंत अजून उभी आहे. तिच्यामागे खडे घरंगळल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. पाऊस थांबलेला नाही.

काकांनी घंटेच्या दोरीला दुसरी दोरी जोडून ती वाचनालयाच्या खिडकीपर्यंत आणली आहे. खालची घरं अजून भरलेली आहेत. वरच्या घरांना कुलपं आहेत; तिथली माणसं वाचनालयात निजली आहेत. उद्या पाच वीसला भिंतवाली पहिली थाप वाचनालयाच्या दारावर मारेल.