दिग्गीचा कॅन आणि पेट्रोलमधले इथेनॉल

मी एका बाईवर चार माणसांसमोर खोटा आळ घेतला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

शनिवारी सकाळी बेळगावहून स्कूटरने रानातल्या दिग्गी गावाला निघाले. खानापूर सोडल्यावर रस्ता कंबरेची परीक्षा घेतो. रामनगरला इडली खाल्ली, पण टाकी भरली नाही. माझी स्कूटर पूर्वी लिटरला पंचेचाळीस किलोमीटर द्यायची. इथेनॉल वाढल्यापासून बेचाळीससुद्धा मुश्किलीने. तरी मी जुन्या आकड्यावर विसंबले. तुम्ही जाल तेव्हा टाकी भरूनच पुढे जा. जोयड्यानंतर रान दाट होत जाते आणि पेट्रोल कुठे मिळत नाही.

दिग्गीत पोचले तेव्हा काटा तळाला टेकला होता. गावाचा एक सामायिक कॅन आहे. आजारी माणसाला मोटारसायकलवरून जोयड्याला न्यावे लागते, म्हणून पावसाआधी सगळे मिळून पेट्रोल भरून ठेवतात. कॅन ठेवलेल्या खोलीची किल्ली गावातल्या सावित्रीअक्कांकडे. त्यांनी मला नाचणीची आंबील पाजली, मग लिटरभर पेट्रोल दिले. शंभर पावलांवर स्कूटर बंद.

टाकीतले काचेच्या बाटलीत काढले. वर पेट्रोल, खाली पाण्यासारखा दिसणारा जाड थर.

“अक्का, यात पाणी घातलंय,” मी सरळ म्हणाले.

“मी न्हाई घातलं, बाई.”

शेजारचे विठोबा हसले. “मग काय देवानं घातलं? किल्ली आता दुसऱ्याकडं द्या.”

अक्कांनी कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली. तेव्हा मला माझे बी.एस्सी.चे रसायनशास्त्र आठवले, जे बोलण्याआधी आठवायला हवे होते. कॅनपासून लांब, अंगणात, खालच्या थरात कापसाची वात बुडवून पेटवली. निळसर ज्योत उभी राहिली.

“पानी जळतंय व्हय?” विठोबा म्हणाले.

तो थर बहुतेक इथेनॉलचा होता, पाणी नव्हतेच फारसे. कॅनचे झाकण हरवलेले, तोंडाला फडक्याचा बोळा. छपराची गळती त्यातून आत झिरपली.

“बोळा तर आम्ही कायम लावतोय,” अक्का म्हणाल्या.

खरे होते. पूर्वी थोडे पाणी गेले तर तळाशी थोडेच दिसायचे. आता तेच पाणी इथेनॉलला ओढून खाली बसवते. मी सर्वांसमोर माफी मागितली.

“तोंडी नको,” अक्का म्हणाल्या. “आळ जोयड्यापर्यंत जाईल. कागदावर लिहून द्या.”

दुसऱ्या दिवशी गावात येणाऱ्या एका जीपवाल्याने रामनगरहून ताजे पेट्रोल आणले, तेव्हा मी निघाले.

घरी येऊन विचार केला. शहरात आठवड्यात टाकी रिकामी करणाऱ्या मला तोटा लिटरमागे तीन किलोमीटरचा. धूर कमी होत असेल, तेल बाहेरून कमी आणावे लागत असेल. पण इथेनॉल उसापासूनही बनते, त्या उसाला किती पाणी लागते ते कोणी पंपावर सांगत नाही. आणि चार महिने कॅन सांभाळणाऱ्या रानातल्या गावाला तर झाकण घट्ट लावा एवढेही कोणी सांगितलेले नाही. फायदा आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी तिथे जाऊन हे सांगावे.

पुढच्या रविवारी मी पुन्हा दिग्गीला गेले. सुपूर्द केले: फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाचा नवा कॅन एक, झाकणाच्या रबरी चकत्या दोन, माझ्या सहीचा माफीचा कागद एक, विठोबांनी मोठ्याने वाचलेला. घेणार: सावित्रीअक्का. किल्ली त्यांच्याकडेच.