बबनरावांच्या आइस्क्रीमच्या गाडीचा परवाना

ग्रामसेवकाच्या नोकरीत किस्से शोधावे लागत नाहीत. खुर्ची टेबलाला लावून बसलं की ते स्वतःच्या पायांनी चालत येतात, अर्जाला तिकीट चिकटवून! रिटायर झाल्यावर मित्र म्हणाले, लिहून काढ. बरेचसे हसून सोडून देण्यातले आहेत. एका फाईलचे मात्र पाच-सहा आहेत. ते सांगायला घेतले की लोक आधी हसतात आणि नंतर दुसरा विषय काढतात. तरी सांगतो.

मी मूळचा बारामतीचा. नव्वदनंतरच्या काळात माझी बदली भिगवणजवळच्या एका गावात झाली. गाव धरणाच्या पाण्याकाठी. थंडीत रोहित पक्षी उतरायचे आणि रविवारी पुण्याच्या गाड्या यायच्या. होड्या लागायच्या त्या घाटावर सर्जेरावाचं हॉटेल होतं. चहा, भजी, कोल्ड्रिंक, सगळं त्याच्याकडंच. सर्जेराव सरपंचांचा मेव्हणा.

बबनराव कोळेकर त्याच गावचे. घरची मेंढरं होती. भावाभावांत कळप वाटून झाला, तेव्हा आपल्या वाट्याची मेंढरं विकून त्यांनी जुनी मॅटॅडोर घेतली. मागच्या भागाला आतून थर्माकोल आणि पत्रा मारला. बर्फ भिगवणच्या मासळीवाल्यांकडून आणायचे. दूध आटवून आइस्क्रीम करायच्या त्यांच्या बायको, सुभद्रावहिनी. गाडीला पांढरा रंग देऊन झाला आणि बबनराव माझ्याकडं परवान्याचा अर्ज घेऊन आले.

* * *

छापील फॉर्म दुकानाचा होता. त्यात चतुःसीमेचा रकाना. दुकानाच्या पूर्वेस काय, पश्चिमेस काय.

मी विचारलं, "गाडीची चतुःसीमा काय लिहू?"

बबनराव म्हणाले, "आमच्यात कुनालाच नव्हती, भाऊसाहेब. मेंढरं जातील तिकडं बिऱ्हाड."

रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. मी लिहिलं, पूर्वेस पाणी, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस सर्जेरावाचे हॉटेल, दक्षिणेस मोकळे. महिन्यानं वरून शेरा आला, 'वाहन हलल्यास चतुःसीमा बदलते. खुलासा करावा.' मी खुलासा केला, वाहन हलणार नाही. परत शेरा आला, 'न हलणाऱ्या वाहनास फिरत्या विक्रीचा परवाना देता येत नाही.'

तीन महिने त्यात गेले. बबनराव दर सोमवारी यायचे, दारात चपला काढायचे आणि विचारायचे, "हलली का फाईल?"

* * *

मग सॅम्पलची वेळ आली. अन्न तपासणारे साहेब आले, आइस्क्रीम तीन बाटल्यांत भरलं, लाखेनं सील केलं आणि पिशवीत घालून एसटीनं घेऊन गेले. दिवस चैत्राचे.

रिपोर्ट आला, 'सदर नमुना आइस्क्रीम नसून गोड दूध आहे. भेसळ आढळली नाही. दूधविक्रीसाठी वेगळा अर्ज करावा.'

मी डोक्याला हात लावून बसलो. सुभद्रावहिनी मात्र उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भेसळ न्हाय, आसं लिवलंय न्हवं? सायबाच्या सहीनं?"

"हो."

"मग मला द्या त्याची एक प्रत."

ती प्रत त्यांनी देव्हाऱ्याशेजारी भिंतीला लावली. मी स्वतः पाहिली आहे.

* * *

ग्रामसभेत सर्जेरावानं हरकत घेतली. आइस्क्रीमच्या गाडीची घंटा वाजली की पक्षी उडून जातील आणि गावाचं नुकसान होईल. आता पक्ष्यांचा प्रश्न म्हणजे वन खात्याची एन.ओ.सी. लागणार.

एक वनरक्षक पाहणीला आले. दोन पंच, सर्जेराव, बबनराव, मी, सगळे काठावर गेलो. बबनरावांनी घंटा वाजवली. समोर हजारभर रोहित चिखलात चोची घालून उभे. एकानंही मान वर केली नाही. सर्जेराव म्हणाला, "लांबनं वाजवली. जवळ जाऊन वाजवा." आम्ही पुढं गेलो. पुन्हा वाजवली. पक्षी तसेच.

मग वनरक्षक अंतर मोजायला म्हणून आणखी पुढं गेले आणि गुडघ्यापर्यंत गाळात रुतले. ते जे ओरडले, त्या आवाजानं सगळे पक्षी एकदम उठले. आकाश गुलाबी झालं.

पंचनाम्यात आलं, 'चाचणीच्या वेळी पक्षी उडाले.' कशामुळं उडाले ते लिहायला जागा नव्हती. आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या. मीसुद्धा. त्या गोष्टीवर मी कितीतरी वेळा लोकांना हसवलं आहे. पण त्या दिवशी मी 'वनरक्षकांच्या ओरडण्यामुळे' एवढे दोनच शब्द घातले असते, तर कदाचित पुढचं काही झालं नसतं. मी घातले नाहीत. सर्जेराव शेजारीच उभा होता.

* * *

परवाना येत नव्हता आणि घर तर चालवायचं होतं. बबनराव रविवारी घाटाच्या अलीकडच्या वळणावर गाडी चोरून लावायचे. हवालदार दिसले की निघून जायचे. एकदा हवालदारांनी सगळ्यांसमोर त्यांची घंटा काढून घेतली होती.

पौषातला रविवार होता. पुण्याचं एक जोडपं होडीतून गेलं. नवरा फोटो काढायला उभा राहिला आणि होडी कलंडली. बायकोला नावाड्यानं केसांना धरून वर घेतलं. नवरा दुपारी तीनला सापडला. पंचनाम्याला मलाही बोलावलं होतं.

पोस्टमॉर्टेमला इंदापूरला न्यायचं होतं. नेहमीची गाडी हायवेवरच्या अपघाताकडं गेलेली. घाटावर पुण्याच्या सहा-सात मोटारी उभ्या होत्या. हवालदारांनी एकेकाला विचारलं. एकेक मोटार सुरू झाली आणि गेली. शेवटी वळणावरची पांढरी गाडी तेवढी राहिली.

हवालदार म्हणाले, "गाडी खाली घे."

बबनराव म्हणाले, "साहेब, माझ्याकडं परवाना न्हाय."

"ह्याला परवाना लागत न्हाय."

बबनरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं.

त्यांनी आइस्क्रीमचे डबे एकेक करून बाहेर काढले आणि काठावर ओळीनं ठेवले. पत्र्यावर स्वतःची घोंगडी अंथरली. चौघांनी उचलून त्या माणसाला आत ठेवलं. त्याची बायको काठावर थांबायला तयार होईना. ती पुढं, बबनरावांच्या शेजारी बसली. हवालदार मोटारसायकलवर मागून गेले.

डबे उन्हात तसेच राहिले. कुणी हात लावला नाही. दिवस कलल्यावर सुभद्रावहिनी आल्या आणि त्यांनी सगळं पाण्यात ओतून दिलं.

* * *

परवाना पुढच्याच आठवड्यात आला. अर्जाला चौदा महिने झाले होते. कुणी हलवला, मला आजही माहीत नाही.

पहिल्या रविवारी बारामतीहून शाळेची ट्रिप आली. साठ पोरं. त्यांना कुणाला काही माहीत नव्हतं. गाडीभोवती गर्दी झाली. बबनराव हसताना मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. वहिनी कप भरून देत होत्या, त्यांचा हात थांबत नव्हता.

सर्जेराव हॉटेलातून उठला आणि हेडमास्तरांच्या कानाशी लागला. हेडमास्तर सज्जन माणूस. ते शहानिशा करायला माझ्याकडं आले.

"ह्या गाडीतून प्रेत नेलं, हे खरं का?"

मी म्हणालो, "सर, गाडी दोनदा धुतलीय. फिनेल टाकून."

ते गाडीकडं वळले. जाऊन पोरांना म्हणाले, कप खाली ठेवा. पोरांनी घाटाच्या कठड्यावर कप ओळीनं ठेवले आणि बसमध्ये जाऊन बसली. 'नाही' एवढं मला म्हणता आलं असतं. ते मला बस गेल्यावर सुचलं.

* * *

त्यानंतर आइस्क्रीमला कुणी आलं नाही. दुसऱ्या कामाला मात्र यायला लागले. बुडालेलं कुणी, हायवेवरचं कुणी, दवाखान्यातून घरी न्यायचं कुणी. पोलीस आता विचारतही नव्हते, नुसता निरोप धाडायचे. गाव मढ्याची गाडी म्हणायला लागलं.

सरपंचांनी ठराव आणला, की सदर वाहन ग्रामपंचायतीच्या वतीनं शववाहिका म्हणून वापरावं. सूचक सर्जेराव. त्याला सॅम्पल लागलं नाही, एन.ओ.सी. लागली नाही, चतुःसीमा कुणी विचारली नाही. चहा यायच्या आत ठराव मंजूर झाला.

बबनराव मागं भिंतीला टेकून बसले होते. मी प्रोसिडिंग लिहीत होतो. त्यांनी विचारलं, "कुनाची हरकत न्हाय?"

मी म्हणालो, "नाही. एकमतानं झालं."

"चांगलं झालं," ते म्हणाले आणि उठून गेले.

* * *

वर्ष सरलं. एका सोमवारी बबनराव धुतलेला सदरा घालून आले आणि अर्ज पुढं ठेवला. आइस्क्रीमच्या परवान्याचं नूतनीकरण.

मी म्हणालो, "बबनराव, वर्षात एक कप विकला नाही. कशाला हवाय परवाना?"

ते समोरच्या बाकावर बसले. मग सांगायला लागले.

"त्या पयल्या दिशी ती बाई माझ्याशेजारी बसली हुती. भिगवण गेलं, तरी एक शब्द न्हाय. डोळ्यांत पानी न्हाय. म्होरं काचंखाली मी यादी लावलेली, मालाची. लोणी देवकरच्या फाट्याला आलो आन् ती वाचाया लागली. मोठ्यानं. आंबा, पिस्ता, सीताफळ, गुलकंद. संपलं की परत पयल्यापास्नं. मी आपला गाडी चालवतोय. एकदा तिचं सीताफळ राहिलं. मी म्हनलं, ताई, सीताफळ राहिलं. तिनं तेवढं म्हनलं आन् म्होरं वाचाया लागली. आसं इंदापूरपतोर."

"मग?"

"दवाखान्यापशी उतरली. दाराला हात धरून उभी राहिली. मला म्हनली, काका, हे सगळं मिळतं तुमच्याकडं? मी म्हनलं, व्हय, मिळतं."

त्यांनी अर्ज बोटानं माझ्याकडं सरकवला.

"त्या दिशी 'मिळतं' म्हनलो ते परवान्याबिगर, भाऊसाहेब. तेवढं नियमात बसवून द्या."