दोन हात, चार हातांचा आवाज

सरांनी पियानोचं झाकण उघडलं, उजव्या हाताने एक कॉर्ड दाबली आणि हात लगेच मागे घेतला. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकदम वाजवणं. ते स्वर एकमेकांना धरून राहायला हवेत. इथे प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे होतं.

"ट्यूनर आला नाही का?" सरांनी विचारलं.

"कोन ट्यूनर?" भाऊसाहेब म्हणाले.

भाऊसाहेब म्हणजे जऊळक्याजवळच्या एका निवासी शाळेचे संस्थापक. त्यांनी नवं सभागृह बांधलं होतं आणि त्यासाठी ग्रँड पियानो आणवला होता. दुपारी उद्घाटन, मंत्री येणार. अभय सर पियानो वाजवायला पुण्याहून आले होते. मैफिली, सिनेमाचं रेकॉर्डिंग, सगळीकडे त्यांचं काम. आणि शेवटच्या रचनेला त्यांच्या शेजारी मी बसणार होते. एकाच पियानोवर दोघं, चार हात.

पियानोत दोनशेच्या वर तारा असतात. ट्रकमधून आला, नवी हवा लागली की त्या उतरतात. मग एकेक तार किल्लीने परत ताणून जागेवर आणावी लागते. याला ट्यूनिंग म्हणतात. चांगला ट्यूनर असला तरी त्यात बरेच तास जातात, आणि असा माणूस आमच्या भागात नाही.

"मी फोनवर बोललो होतो तुम्हाला," सर हळूच म्हणाले.

"अहो सर, नवाकोरा पियानो हाय. नवी गाडी कोनी गॅरेजले नेते काय? आन आता मंत्रीसाहेब निघाले तिकून. काहीतरी करा तुमी."

मी मूळची कामरगावची. अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. अकोल्याला संगीतात बी.ए. करताना मी शाळांच्या गॅदरिंगला कीबोर्ड वाजवायचे. मी याच शाळेत वाजवत असताना अभय सर बांधकाम चालू असलेलं हे सभागृह बघायला आले होते. कार्यक्रम संपल्यावर मी धीर करून त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "बोटं चांगली आहेत. मनगट मात्र लाकडाचं आहे." मी तिथेच विचारलं, "मग ते हलकं कसं करायचं?" त्यांना हसू आलं. त्यांनी नंबर दिला.

त्यानंतर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवणी. माझा कीबोर्ड छोटा, पियानोच्या सगळ्या पट्ट्या त्यात नाहीत. बाकीच्या पट्ट्या मी जेवणाच्या टेबलावर खडूने काढल्या होत्या. सर फार चांगलं शिकवायचे, हे मला आजही म्हणावं लागतं. बोटाने ठोकायचं नाही, दंडाचं वजन खाली सोडायचं. एका स्वरावर ते अख्खा तास घालवायचे.

"नेटवर्किंग" हा शब्दही त्यांनीच शिकवला. "नुसतं वाजवून होत नाही नसरीन, ओळखी ठेवाव्या लागतात." मग मी वाशीम, कारंजा, मानोरा, जिथे कुठे वाजवलं होतं तिथल्या शाळांशी त्यांची गाठ घालून दिली. त्यांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. मुंबईच्या एका संगीतसंस्थेत पियानोच्या कोर्ससाठी मी अर्ज करणार होते. शिफारस ते देणार होते. तिथे शिफारशीशिवाय कुणी विचारत नाही.

तर त्या दिवशी स्टेजवर आम्ही तिघं. सरांनी लॅपटॉप काढला.

"ट्रॅक लावू," ते म्हणाले. ट्रॅक म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं संगीत. ते स्पीकरवर लावायचं आणि आपण वाजवल्यासारखं करायचं. "माझी सोलो आहेत यात. आणि शेवटचं पुण्यात रियाबरोबर स्टुडिओत केलंय. तेच लावू."

"रिया कोण?"

"माझी विद्यार्थिनी. तू तिचा भाग करायचा. तुला पाठच आहे."

"पण पट्टी दाबली की पियानो वाजेल ना, सर?"

"सावकाश दाबायची. मग आतली हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. शिकवलंय मी तुला."

शिकवलं होतं. अगदी हळुवार वाजवायचं कसं, हे समजावताना त्यांनी ते दाखवलं होतं. मी महिनाभर त्याचा रियाज केला होता.

मी म्हटलं, "माझा कीबोर्ड सोबत आहे ना सर. स्टेजवर तो ठेवू. लोकांना सांगू की पियानो लागलेला नाही. आपण खरं वाजवू."

भाऊसाहेब भडकले. "एवढा पियानो आनला आन मंत्र्यासमोर हा प्लास्टिकचा डब्बा ठेवू? लोक हासतीन मले! ओ सर, ही पोरगी काय बोलून राह्यली?"

मी सरांकडे पाहिलं. ते वायर जोडत होते.

"प्रोफेशनल माणूस कार्यक्रम पार पाडतो, नसरीन," ते वर न बघता म्हणाले. "रुसून बसलीस तर नुकसान तुझं आहे."

"मी रुसली नाही सर. मले वाजवायचं हाय."

शिकवणीत मी नेहमी त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायचे. त्या वेळी ते सुटलं. सर पुन्हा वायरीकडे वळले. भाऊसाहेबांनी सूत्रसंचालकाला हाक मारली आणि माझं नाव काढायला सांगितलं.

अब्बा दुकान बंद करून जीपने आले होते. नवा सदरा घातला होता. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

"तुहा नंबर कधी हाय बेटा?"

"नाही आहे अब्बा. बदललं."

"काहून?"

मी म्हटलं, नंतर सांगते.

मंत्री आले, भाषणं झाली, सर पियानोवर बसले. पुण्याच्या स्टुडिओतला स्वच्छ आवाज सभागृहात भरला. सरांचे हात फार सुंदर चालत होते. मग शेवटची रचना लागली. खालच्या स्वरांत सर, वरच्या स्वरांत रिया. वरचा सगळा भाग मला तोंडपाठ होता. माझी बोटं ओढणीखाली मांडीवर चालली होती. स्टेजवर माणूस एकटा, हात दोन, आणि आवाज चार हातांचा. भरलेल्या सभागृहात कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

"या अल्लाह," अब्बा माझ्या कानात म्हणाले, "दोनच हातांनी किती वाजवते हा मानूस! असं शिक याच्यापासून."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अब्बाही उभे राहिले. मला उठावंसं वाटलं नाही, पण ते बघत होते म्हणून उठले.

रविवारी मी नेहमीच्या वेळी कॉल लावला. उचलला गेला नाही. त्या आठवड्यात नाही, नंतरही नाही. अर्जाची मुदत जवळ आली तेव्हा मी शिफारशीबद्दल मेसेज केला. त्यावर मात्र त्यांनी स्वतः फोन केला.

"तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही," ते म्हणाले. "पण आयोजकासमोर तू जे केलंस, त्यानंतर तुझ्यासाठी माझं नाव मी कसं पुढे करू? उद्या तिथेही असंच केलंस तर?"

"सर, मी चुकीचं बोलले होते का?"

"तो प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी अर्ज शिफारशीशिवाय पाठवला. उत्तर आलं नाही. भाऊसाहेबांच्या आणि मी ओळख करून दिलेल्या बाकी शाळांमध्ये सरांच्या कार्यशाळा अजून होतात. अब्बांना मी खरं सांगितलं, पण त्यांना ते पटलं नाही. "एवढा मोठा मानूस कायले खोटं वाजवन?" म्हणाले.

आज मी अकोला, वाशीम भागात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते आणि कारंज्यात मुलांना शिकवते. दंडाचं वजन कसं सोडायचं, हे मी सरांच्याच शब्दांत सांगते, कारण त्याहून चांगले शब्द मला सापडले नाहीत. काम घेताना मात्र मी एक अट आधीच सांगते. माझ्या नावावर ट्रॅक लागणार नाही. आयोजक म्हणतात, विचार करून कळवतो. बहुतेक जण कळवत नाहीत. मागच्या महिन्यात मानोऱ्याच्या एका लग्नाचं काम असंच हातचं गेलं.