बार्शीहून सोलापूरला, आणि पुढे बेचाळीस किलोमीटर पायी

पूर्ण मॅरेथॉनला नाव घातलं तेव्हा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच सल्ला दिला: आधी दहा किलोमीटर पळा, मग एकवीस, मग बघू. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, बार्शीत भूगोल शिकवते. कुर्डुवाडी रोडला पहाटे पळायला लागून तीन वर्षं झाली होती आणि एकवीस किलोमीटर मी कुणाला न सांगता कितीतरी वेळा पळाले होते. त्यासाठी सोलापूरला जाऊन मुक्काम करायची गरज नव्हती. जायचं तर पूर्ण पळायला जायचं, असं ठरवलं. नवरा, श्रीकांत, एवढंच म्हणाला, "दमलीस तर रिक्षा कर." मी दमणार नाही याची मला खात्री होती. म्हणजे दमेन, पण रिक्षा करणार नाही याची.

शनिवारी सकाळची एसटी धरली. वैरागमार्गे बस साधारण दोन तासांत सोलापूरला पोचवते, बायकांना तिकीट अर्धं आहे आणि खिडकीतून ज्वारीच ज्वारी दिसते. हिवाळ्यात जाणार असाल तर डावीकडे बसू नका, ऊन अंगावर येतं. स्टँडवरून रिक्षा करून आधी नवी पेठेत गेले, कारण निघायच्या गडबडीत टोपी घरीच राहिली होती. टोप्या दाखवणाऱ्या दुकानदाराला सांगितलं, उद्या पळायचंय, हलकी द्या. त्यानं विचारलं, "किती पळणार?" बेचाळीस म्हटल्यावर त्यानं हातातली टोपी खाली ठेवली आणि आतून दुसरी, रुंद काठाची काढली. "मग ही घ्या. परत येताना ऊन मानेवर असतंय."

छातीवर लावायचा क्रमांक घ्यायला एका सभागृहात जायचं होतं. तिथल्या रांगेत माझ्यापुढे एक तिशीची बाई उभी होती, साडीवर, पायात मात्र चांगले वापरलेले पळायचे बूट. ती सुवर्णा. मोडनिंबची. हायवेला नवऱ्याचं टायरचं दुकान, घरी शेती आणि शेळ्या.

"तुमी बी बेचाळीस?" तिनं विचारलं.

"हो. पहिल्यांदाच."

"मी बी पैल्यांदाच. पर मी लई जोरात पळती. हायवेच्या कडंनं रोज पळती की. ट्रकवाले हार्न वाजवत्यात, मी बघत बी न्हाय."

"पाणी कसं घेता पळताना?"

"दिसंल तितं पिती," ती म्हणाली आणि हसली. मला ती आवडली.

मुक्काम जुळे सोलापूर भागात माझ्या मावसबहिणीकडे, विजूताईकडे होता. तिनं कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि झणझणीत शेंगांची आमटी असा बेत केला होता. इथे वाचकांना कळकळीनं सांगते: सोलापूरची शेंगाचटणी जरूर खा, पण पळून झाल्यावर. मी वरणभात मागितला. "आजारी माणसासारखं काय खातेस," असं म्हणत विजूताईनं तो केला आणि माझ्या वाटणीची आमटी समोर बसून खाल्ली.

पहाटे अंधारात मैदानावर पोचलो तेव्हा चांगलीच थंडी होती. पूर्ण अंतराला बायका थोड्याच. सुवर्णा आता ट्रॅकपँटमध्ये होती आणि अगदी पुढे उभी होती. मी मुद्दाम मागे राहिले. सात तासांची मुदत होती आणि माझ्या गतीनं मी त्यात आरामात बसत होते. सुटलो तशी सुवर्णा दिसेनाशी झाली.

सात रस्ता चौकातून विजापूर रोडला लागलो. शहर अजून झोपेत होतं, फक्त चहाच्या गाड्यांवर स्टोव्ह पेटले होते. तलावापाशी उजाडलं. पुढे वस्ती संपली, दोन्ही बाजूंना कणसात आलेली ज्वारी लागली, आणि पाय आपोआप पडायला लागले. अंगात इतकं बरं वाटत होतं की मी एका टेबलावर पाणी घेताना तिथल्या मुलींना दोन मिनिटं पाण्याचे क्षार आणि घाम यांवर शिकवून टाकलं. एका वस्तीपाशी दारात बसलेली म्हातारी मला बघून कानडीत म्हणाली, "निधान होगरी." सावकाश जा, म्हणत होती. इकडे सीमा जवळ, निम्मी गावं दोन्ही भाषा बोलतात. मी हात केला.

अर्ध्यावरून वळून परत फिरले. घड्याळ बघितलं, वेळ हाताशी होता. टोपीवाल्यानं सांगितलं तसं ऊन आता मानेवर आलं होतं, पण मी मस्त चालले होते.

तिसाव्या किलोमीटरच्या पुढे, एका लिंबाच्या झाडाखाली सुवर्णा बसलेली दिसली.

आधी वाटलं, बूट बांधतेय. जवळ गेले तर तिचे हात थरथरत होते आणि कपाळ गार, ओलं. शेजारी ओकारी झाली होती. "सुवर्णा, काय होतंय?" म्हटलं तर माझ्याकडे बघून म्हणाली, "शेळ्या सोडल्या का?"

क्रमांकाच्या पट्टीवर छापलेल्या नंबरला फोन केला. डॉक्टरांची गाडी निघतेय म्हणाले, पण ती दुसऱ्या टोकाला होती. मागचं पाण्याचं टेबल लांब राहिलं होतं, पुढचं दिसत नव्हतं. माझ्याकडे मिठासाखरेच्या पाण्याची छोटी बाटली होती, ती थोडी थोडी करून तिला पाजली. मघापर्यंत मी तिला अहोजाहो करत होते. आता तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होते, "झोपू नकोस. माझ्याशी बोल. नवऱ्याचं नाव सांग."

मागून दोघं-तिघं पळत आले, थांबले. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, गाडी येईलच. तुम्ही निघा, नाहीतर तुमची वेळ जाईल."

खरं सांगते, मला निघावंसं वाटलं. तीन वर्षं पहाटे उठले होते. राग आला, त्या गृहस्थांचा नाही, सुवर्णाचाच. इतकं जोरात पळायचं कशाला? तेवढ्यात तिला थोडी शुद्ध आली. "तुमी जावा ओ. तुमचं हुकंल."

"गप बस," मी म्हणाले. त्या गृहस्थांना सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे, मी आहे." आणि ते बोलल्यावर मला बरं वाटलं. राग गेला नाही, पण ठरवायचं काही उरलं नाही.

गाडी आली तोवर बराच वेळ गेला होता. तिच्या नवऱ्याचा नंबर पट्टीच्या मागे होता, त्याला मीच फोन करून कळवलं. तिला आत झोपवून सलाईन लावल्यावर डॉक्टर मला म्हणाल्या, "तुम्हीही बसा. आता वेळेत नाही पोचणार तुम्ही."

"माहीत आहे," म्हटलं. "पण मला काही झालेलं नाही."

बसून बसून पाय लाकडासारखे झाले होते. आधी चालले, मग हळूहळू पळायला लागले. काही वेळानं मागून आयोजकांची शेवटची गाडी आली. त्यातला तरुण नम्रपणे म्हणाला, "मॅडम, टाइम संपलाय. रस्ता मोकळा करतोय आम्ही. बसा आत."

"रस्ता करा मोकळा. मी कडेनं येते."

"पुढं टेबलं काढलीत, पाणी मिळणार नाही."

"मग तुमच्याकडचं द्या."

त्यानं दोन बाटल्या आणि केळी दिली आणि गाडी निघून गेली. त्यानंतर मी एकटी. शेजारून ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, शेवग्याच्या शेंगांचे टेम्पो. कुणाला कळत नव्हतं ही बाई का पळतेय. तलावापाशी विजूताई स्कूटीवर मला शोधत आली. शेवटपर्यंत ती माझ्या मागे हळूहळू गाडी चालवत होती आणि सारखी म्हणत होती, "बस गं मागे. कुणी बघत नाहीये." तेवढा एक रस्ता मला खरंच जड गेला, कारण हसू आलं की पोटरीत गोळे येत होते.

मैदानावर पोचले तेव्हा शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली कमान खाली पडली होती आणि दोघं जण तिची घडी घालत होते. ते बाजूला झाले. मी रेषा ओलांडली.

पदक मिळालं नाही. मुदतीत येणाऱ्यांनाच देतो, असं आयोजकांनी सांगितलं. विजूताई भांडायला उभी राहिली, "अहो, तिनं एका बाईचा जीव वाचवलाय." मी तिला ओढून बाजूला नेलं. घंटा झाल्यावर मी मुलांचे पेपर घेत नाही. आपल्यासाठी नियम वाकवा असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

संध्याकाळी दवाखान्यात गेले. सुवर्णा उशीला टेकून बसली होती, नवरा शेजारी. अंगातलं मीठ कमी झालं होतं, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. तिनं पहिलं विचारलं, "मेडल गावलं?"

"नाही."

ती म्हणाली, "माज्यामुळं."

"तुझ्यामुळं नाही. थांबायचं मी ठरवलं. पळायचंही मीच ठरवलं."

बार्शीला परतून आठ दिवस झाले. जिना अजून उलटा उतरते. स्टाफरूममध्ये विचारलं, "झाली का मॅरेथॉन?" झाली म्हटलं. "वेळेत?" वेळेत नाही, पण झाली. पदकाचं वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू. पण आठवतात ते शेवटचे किलोमीटर. वेळ मोजायला कुणी नव्हतं, थांबले असते तर कुणी बोललंही नसतं, आणि मी पळत होते.

काल सुवर्णाचा फोन आला. शेळ्या, टायरचं दुकान, सासूबाई काय म्हणाल्या, सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "म्होरल्या वर्षी दोघी संगं पळू."

"तुझा वेग मला झेपायचा नाही."

"मी हळू पळंन की."

ती हळू पळणार नाही हे तिलाही माहीत आहे. आज सकाळी कुर्डुवाडी रोडला गेले आणि पोटऱ्या दुखत असतानाही थोडा वेग वाढवून बघितला. जमेल.