आमदारांच्या प्रश्नाचं उत्तर

आमदारांचा लेखी प्रश्न गडचिरोलीच्या आमच्या कार्यालयात आला आणि उत्तराचा मसुदा करायचं काम माझ्या टेबलावर पडलं. 'आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, हे खरे आहे काय?' केंद्र माझ्याच गावचं. डॉक्टर हजेरीपटावर होता आणि राहायचा चंद्रपूरला. साहेब म्हणाले, "पद भरलंय ना? मग झालं." मी लिहिलं, 'हे खरे नाही.' खालच्या 'असल्यास, कोणती कार्यवाही केली?' यापुढे सवयीनं लिहिलं, 'प्रश्न उद्भवत नाही.' कागद अधिवेशनासाठी नागपूरला गेला. शनिवारी एसटीनं गावी गेलो, तर आई तापानं फणफणलेली.

"आमदाराले सांगून सरकारले इचारत काऊन नाई बापा, डाक्टर कुठी हाय म्हणून?"

त्यांनी विचारलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.